नव्वद विड्या

आमच्या पत्त्यात पहिल्यापासून साखर आहे.
साखर पेठ, बोळातलं तिसरं पत्र्याचं दार.
डॉक्टर हत्तुरे केसपेपरवर पत्ता लिहिताना हसले,
मग हसू आवरून
खाली आईचा आकडा लिहिला.

तेव्हापासून रोज चहाच्या आधी
पोशम्मा, माझी आई, डावा हात पुढे करते,
कंपनीत विड्यांचा कट्टा तपासायला ठेवावा तसा:
पास होतोय की छाट निघतोय.
चाळीस वर्षं तेंदूची पानं वळून
बोटांची टोकं आता चामड्याची.
सुई आत जाते, रक्त येत नाही.
"दाब रा अजून," ती म्हणते.
मी बोट मुळापासून पिळत आणतो
आणि शेवटी वर येतो एक थेंब,
विडीच्या दोऱ्याच्या गाठीएवढा.

पट्टी त्याला आपणहून ओढून घेते.

मी अक्कलकोट रोडला टॉवेलवर छपाई करतो.
जाळी, शाई, रबराची पट्टी; हात ओढला की एक मोर.
म्हणून मला हिचं कौतुक.
हीसुद्धा कुणीतरी जाळीवरच छापलेली,
कोळशाच्या शाईच्या दोन काळ्या वाटा,
वाटेच्या तोंडाशी वाळवून ठेवलेलं विकर.
ते रक्तात फक्त साखर हुडकतं,
तिच्याकडून इलेक्ट्रॉन काढून शेजारच्याला देतं,
तो पुढच्याला,
कांडीवालीनं मागवाल्याला कांडी द्यावी तसं,
आणि एवढीशी वीज चालू लागते.
बापाच्या मागावर पत्त्या असायच्या.
ताण्याचा धागा तुटला की पत्ती पडायची,
लोखंडाला लोखंड लागायचं, माग गप्प.
बाप म्हणायचा, यंत्राला डोळा नसतो,
नुसतं शिवल्याचं कळतं त्याला.

पाच, चार, तीन.
तेवढा वेळ आई डोळे मिटून घेते.

पट्टी वीस रुपयांची.
आईच्या हिशेबात नव्वद विड्या.
"एका ठिपक्याला नव्वद,"
म्हणून ती बोट तोंडात घालते.

संक्रांतीनंतरच्या रविवारी
मीटरनं दाखवलं तीनशे अठ्ठ्याऐंशी.
मी आवाज चढवला.
काय खाल्लंस, कधी खाल्लंस, कुणी दिलं?
डबा उघडून शेंगापोळ्या मोजल्या.
सात.
रात्रीही सातच होत्या,
तरी पुन्हा मोजल्या.
आई खाली फरशीकडे बघत राहिली.

अनसूया आतून म्हणाली,
"अत्तम्मा पहाटेपासून चिन्नीचे दागिने ओवतायत."

कोपऱ्यात परातीत हलवा.
हार झालेला, बाजूबंद अर्धा,
नातीच्या बोरन्हाणासाठी
दोऱ्यात चढलेला साखरेचा एकेक काटेरी दाणा.
तीच बोटं.
मी धुवायला सांगितली नव्हती.

यंत्र खोटं बोललं नव्हतं.
साखर होतीच.
ती रक्तातली की कातडीवरची
हे त्याला विचारता येत नाही.
मला येत होतं.
मी विचारलं नाही, ठरवलं.

मोरीत साबणानं हात धुतले,
मोर वाकडा छापल्यामुळे छाट झालेल्या टॉवेलनं
एकेक बोट कोरडं केलं.
नवी पट्टी. पाच, चार.
या वेळी डोळे मी मिटले.
एकशे एकतीस.

"एकशे ऐंशी विड्या गेल्या," आई म्हणाली,
आणि उरलेला बाजूबंद मांडीवर घेतला.

संध्याकाळी बोरं, चुरमुरे, उसाचे करवे
चिन्नीच्या डोक्यावरून सांडले.
पोरीनं दंडावरचा दाणा दातानं तोडला,
अर्धा खाल्ला,
अर्धा आजीच्या तोंडापुढे धरला.
आईनं माझ्याकडे बघितलं.

मी मीटरच्या पाकिटाची चेन लावत होतो.
बराच वेळ लावत होतो.